जंगली जिरेनियम: डोंगरातलं, औषधातलं आणि आपल्या गॅलरीतलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या गॅलरीत हिवाळ्यात जिरेनियम फुललं की बिल्डिंगमधले लोक थांबून विचारतात, वहिनी हे ते औषधी का, याचं तेल निघतं का, आमच्याकडे पावसात मेलं ते का मेलं. दरवर्षी तेच प्रश्न आणि दरवर्षी उत्तर देताना काहीतरी राहून जातं, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहून काढलंय. मी ठाण्यात राहते, पूर्वेकडची गॅलरी आहे, कुंडीतल्या झाडांचा नाद वीसेक वर्षांचा. डॉक्टर किंवा वैद्य नाही, त्यामुळे औषधाचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: नर्सरीत मिळतं ते जिरेनियम आणि जंगली जिरेनियम एकच ना?

नाही, आणि बाकीचे अर्धे गोंधळ इथूनच चालू होतात. घोडबंदर रोडच्या नर्सरीत लाल-गुलाबी फुलांचे झुबके असलेली जी कुंडी तुम्ही घेता ते खरं म्हणजे पेलार्गोनियम, मूळचं बहुतेक दक्षिण आफ्रिकेकडचं. खरं जिरेनियम वेगळं, त्याच्या जगभरात चारशेच्या वर जाती आहेत आणि ती थंड हवेची, डोंगराळ भागातली, झाडाखालच्या ओलसर सावलीतली. लिनियसनं १७५३ साली दोन्ही एकाच नावाखाली घातली होती, पुढे १७८९ मध्ये लेरितिए नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोपर्यंत लोकांच्या तोंडी जिरेनियम बसलं होतं ते बसलंच. त्यामुळे कुणी म्हणालं जिरेनियम जुलाबावर चालतं आणि दुसरा म्हणाला जिरेनियमचं तेल महाग असतं तर दोघं खरं बोलत असतील पण दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलतायत.

प्रश्न: मग हातात आलं तर ओळखायचं कसं?

फूल बघा. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, गोल मांडलेल्या, फूल कसंही फिरवलं तरी तसंच दिसतं, आणि पुंकेसर दहा. पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या, कधी मोठ्या, कधी गडद रेघा असलेल्या. अजून एक खूण मला फार आवडते, पेलार्गोनियमच्या फुलाचा देठ नीट बघितला तर मध्येच एक बारीक उंचवटा लागतो, फुलातली मधाची नळी देठाला चिकटून खाली येते आणि तिथे संपते. खऱ्या जिरेनियमला ही नळी नसतेच. पानांवर फार विसंबू नका, पंजासारखी कापलेली पानं दोन्हीकडे सापडतात.

प्रश्न: जिरेनियम हे नाव कशावरून पडलं?

ग्रीक भाषेत गेरानोस म्हणजे क्रौंच पक्षी. फूल गळून गेलं की मागे जे फळ राहतं ते लांब चोचीसारखं उभं असतं. पेलार्गोनियममधला पेलार्गोस म्हणजे करकोचा, आणि याच कुळातलं तिसरं एक इरोडियम, ते बगळ्यावरून. तिन्ही झाडांना तीन लांब चोचीचे पक्षी मिळाले, आपल्या खाडीवर पहाटे बगळे बघणाऱ्याला हे लगेच पटेल.

आणि ती चोच नुसती शोभेची नाही. वाळत गेली की तिच्यात ताण धरतो, मग एका क्षणी तळाकडून पाच पट्ट्या झटकन वर वळतात आणि बी गोफणीतून सुटल्यासारखं काही मीटर लांब जाऊन पडतं. जपानी लोकांनी या फुटलेल्या फळाचा आकार बघून त्यांच्याकडच्या जातीला देवाच्या पालखीचं नाव दिलंय, पाची पट्ट्या वर वळल्या की पालखीच्या छपराच्या कोपऱ्यांसारख्या दिसतात म्हणून.

प्रश्न: तेरडा जिरेनियमच्या कुळातला असं कॉलेजात शिकलो होतो, खरं का?

तुम्ही जुन्या अभ्यासक्रमाचे आहात. बेंथम आणि हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञांच्या जुन्या वर्गवारीत तेरडा, आंबुशी आणि जिरेनियम एकाच कुळात होते. आता तिघं तीन वेगळ्या घरात गेलेत. तरी पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलात तेरड्याची पिकलेली शेंग चिमटीत धरली की ती कशी फटकन फुटते आणि बिया उडतात ते आठवा, जिरेनियमची बी उडवायची कला अशीच आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात आपल्याकडे, जंगली जिरेनियमचं एक फूलही फार दिवस टिकत नाही, पण कळ्या एकामागून एक येत राहतात म्हणून झाड फुललेलं दिसतं.

प्रश्न: येऊरला किंवा पारसिकच्या डोंगरावर जंगली जिरेनियम मिळेल का?

मी इतकी वर्षं येऊर, मामा-भांजे, खारघरच्या टेकड्या पावसाळ्यात फिरतेय, मला कुठे दिसलेलं नाही आणि त्यात नवल काही नाही. आपला पट्टा समुद्रसपाटीचा, उकाड्याचा, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने दमट. या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी लागते, नुसती डिसेंबरातली पहाट पुरत नाही.

जे सगळ्यात जास्त नावाजलेलं जंगली जिरेनियम, जिरेनियम मॅक्युलाटम, ते अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानगळीच्या जंगलात, मोठ्या झाडांना पालवी फुटायच्या सुमाराला एप्रिल ते जूनमध्ये जांभळट गुलाबी फुलतं, उंची फूट दोन फूट, जमिनीखाली जाड आडवं मूळ. युरोपातली ओळखीची जात म्हणजे रॉबर्टियानम, बारीक, लालसर देठाची, पान चुरगाळलं की जळक्या रबरासारखा वास येतो. आणि आपलं, म्हणजे आपल्या देशातलं, हिमालयात. नेपालेन्स, हिमालयेन्स, आणि माझं लाडकं वॉलिचियानम, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या डॅनिश नॅथॅनिएल वॉलिच यांच्या नावावरून. साधारण अडीच हजार मीटरच्या वर दगडगोट्यांमध्ये, कुरणात पसरलेलं असतं.

प्रश्न: पारंपरिक औषधी उपयोग नेमके कुठले? इंटरनेटवर तर कॅन्सरपासून सगळ्यावर सांगतात.

सगळ्यावर सांगतात तिथेच सावध व्हायचं. जुन्या लोकांचा वापर बघितला तर तो एका गुणाभोवती फिरतो, तुरटपणा. अमेरिकेत मॅक्युलाटमला लोक चक्क तुरटीमूळ या अर्थाच्या नावाने ओळखायचे, आणि आपल्या भाषेत तर चव आणि वस्तू दोन्ही एकाच शब्दाच्या, तुरट आणि तुरटी, म्हणून आपल्याला हे समजायला सोपं जातं. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना तेच. त्या मुळात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं, टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे तोंडातली, आतड्यातली ओलसर त्वचा जराशी घट्ट होते, पाझरणं कमी होतं, बारीक रक्तस्राव थांबायला मदत होते.

आता हे धरून बघा. अमेरिकेतले मूळ रहिवासी घ्या. त्यातले चेरोकी लोक लहान मुलांच्या तोंडात पांढरा चट्टा आला की याचं मूळ रानद्राक्षाबरोबर उकळून त्या पाण्याने तोंड धुवायचे. मेस्क्वाकी लोक दातदुखीला मुळाचा काढा घ्यायचे आणि मूळ ठेचून मूळव्याधीवर लावायचे. जुलाब, आव, हिरड्यांतून रक्त, तोंड येणं, घसा, जखम. सगळीकडे गुण एकच. एकोणिसाव्या शतकात तर हे मूळ अमेरिकेच्या अधिकृत औषधसंहितेत होतं, पुढे नवी औषधं आली तसं ते मागे पडलं. युरोपात रॉबर्टियानमचा लाल देठ बघून हे रक्तावरचं औषध असा समज होता, रंगावरून गुण ओळखायची ती जुनी पद्धत, आज ती कुणी पुरावा म्हणून धरत नाही.

सगळ्यात पक्कं उदाहरण जपानचं. तिथे थुन्बर्गी नावाची जात, जपानी नाव गेन-नो-शोको, अर्थ साधारण असा की घेतलं की पुरावा हजर. जुलाबावर काढा करून घ्यायचे आणि लगेच उतार पडतो म्हणून हे नाव. याच झाडातून जपानी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात जिरॅनिन नावाचं टॅनिन वेगळं काढलं, आणि ही जात जपानच्या औषधसंहितेत आहे. म्हणजे लोकांचा अनुभव आणि प्रयोगशाळा इथे एकमेकांना भेटल्या, मला हे वाचून खरंच आनंद झाला होता. पण ते भेटले तुरटपणाच्या बाबतीत. कॅन्सर, डायबेटीस, किडनी यांच्यावर जे सांगतात ते बरचसं काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या किंवा उंदरांवरच्या कामातून उचललेलं असतं आणि तिथून माणसाच्या ताटापर्यंत फार लांबचा रस्ता आहे.

प्रश्न: म्हणजे पोट बिघडलं तर मागवून घ्यायला हरकत नाही?

माझं स्पष्ट मत, गरज नाही. जुलाब लागल्यावर पहिला धोका पाणी कमी होण्याचा, त्याला ओआरएस किंवा घरचं मीठ-साखर-पाणी, आणि लहान मूल असेल, ताप असेल, शौचातून रक्त असेल तर सरळ डॉक्टर. तुरट औषधाने जुलाब थांबल्यासारखे वाटतात पण आतला जंतू तसाच राहू शकतो. शिवाय टॅनिन जास्त झालं तर पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही, जेवल्यावर लगेच चहा नको म्हणतात त्यामागचं एक कारण हेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर असल्या अर्कांच्या वाटेला जाऊच नये.

आणि तुरट औषधच पाहिजे असेल तर अमेरिकेतलं मूळ कशाला, आपल्याकडे काय कमी आहे का. बाळगुटीच्या सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ यांच्या बाजूला मायफळ असायचं ते आठवतंय? ते मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ, टॅनिनने नुसती भरलेली. डाळिंबाची साल, कात, बाभळीची साल, सगळी त्याच जातकुळीची. माझी आजी तोंड आलं की बाभळीच्या सालीच्या पाण्याने गुळण्या करायला लावायची, चेरोकी आजी तिकडे वेगळं मूळ उकळत होती, हेतू तोच.

कुड्याचं मात्र जपून. येऊरला कुडा उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढरा फुलतो आणि त्याची साल आवेवर आयुर्वेदात फार जुनी, कुटज म्हणतात तीच. पण त्याच्यासारखा दिसणारा काळा कुडा वेगळा आणि बाजारात दोघांची सरमिसळ होते. शिवाय ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या झाडाची साल सोलायची नाही. वैद्यांकडून घ्या.

प्रश्न: एका दुकानदाराने जिरेनियमचं मूळ म्हणून रतनजोत दिली, बरोबर आहे का?

ती वापरू नका, आधी थांबा. हिमालयाच्या काही भागात वॉलिचियानमच्या मुळाला रतनजोत म्हणतात हे खरं. पण आपल्या बाजारात रतनजोत म्हणून जे लालभडक रंग सोडणारं मूळ मिळतं, रोगन जोशला रंग द्यायला वापरतात ते, ते पूर्ण वेगळ्या कुळातलं आहे. आणि तिसरी रतनजोत म्हणजे मोगली एरंड, कुंपणाला लावतात तो, त्याच्या बिया विषारी, खाल्ल्या तर उलट्या-जुलाबाने माणूस हॉस्पिटलमध्ये जातो. एका नावाखाली तीन झाडं आणि त्यातलं एक विषारी. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असंच नुसत्या नावावर मागवलं होतं, पुडीवर शास्त्रीय नाव नाही, कुठून आलं ते नाही, विचारलं तर दुकानदार म्हणाला सगळे घेतात. आम्ही ते फेकून दिलं. पुडीवर शास्त्रीय नाव नसेल तर पोटात काही जाता कामा नये, हा माझा नियम आहे आणि मी त्यात कुणाचंही ऐकत नाही.

प्रश्न: जिरेनियम ऑइल तरी जंगली जिरेनियमचं असतं ना?

तेही नाही. बाटलीतलं जिरेनियम ऑइल जवळजवळ नेहमी सुवासिक पेलार्गोनियमचं, ग्रॅव्हिओलेन्स आणि त्याच्या संकरांचं, पाल्यातून वाफेने काढलेलं, गुलाबासारखा वास, त्यात सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल ही वासाची द्रव्यं. खऱ्या जिरेनियमपैकी तेलासाठी नाव घ्यावं असं एकच, मॅक्रोरायझम, बल्गेरियातलं. तिथे त्याला झ्द्रावेत्स म्हणतात, त्यांच्या आरोग्य या शब्दावरून, आणि घरात शुभ मानतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या खानदेशातलं रोशा गवत माहीत असेल, गुडघ्याला रोशाचं तेल चोळायचे ते. ते तेल मुंबई बंदरातून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जायचं आणि बाजारात त्याला टर्किश जिरेनियम ऑइल किंवा ईस्ट इंडियन जिरेनियम ऑइल म्हणायचे, गुलाबाच्या अत्तरात मिसळायला वापरायचे. जिरेनिऑल हे द्रव्य १८७१ मध्ये पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं ते या गवताच्या तेलातून. म्हणजे ज्याच्या नावावर जिरेनियमचा शिक्का, ते द्रव्य जगाला पहिल्यांदा मिळालं ते गवतातून, आणि व्यापारात ते गवत आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचं. खानदेशातल्या माणसाने हे अभिमानाने सांगावं.

तेल वापरायचं तर तसंच अंगाला लावू नका, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन थेंब, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. पिऊ तर नकाच.

प्रश्न: खोकल्याचं जे पेलार्गोनियम सिरप मिळतं ते काय आहे?

ते तिसरंच, पेलार्गोनियम सिडॉइड्स, दक्षिण आफ्रिकेतलं, मुळाचा अर्क. १८९७ मध्ये चार्ल्स हेन्री स्टीव्हन्स नावाचा बर्मिंगहॅमचा तरुण क्षय झाला म्हणून तिकडे गेला, तिथल्या एका वैदूने हे मूळ दिलं, त्याला बरं वाटलं आणि त्याने इंग्लंडात परत येऊन क्षयावरचं औषध म्हणून विकायला सुरुवात केली, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला भोंदूगिरी ठरवलं. आज जर्मनीत त्याचा ठरावीक पद्धतीने काढलेला अर्क सर्दी-खोकल्याला, ब्राँकायटिसला वापरतात, थोडाफार उपयोग होतो असं दिसतं पण पुरावा फार भक्कम नाही. क्षयासाठी मुळीच नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

प्रश्न: मुलगा जिमला जातो, त्याच्या पावडरीवर जिरेनियम एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय.

बंद करायला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. डीएमएए नावाचं उत्तेजक द्रव्य जिरेनियमचा अर्क म्हणून पावडरीत घालायचे, त्याने ब्लडप्रेशर वाढतं, हृदयावर ताण येतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २०१० पासून आहे आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने लोकांना ते घेऊ नका असं उघड सांगितलं. झाडाचं नाव वापरून केमिकल विकलं, मला याचा फार राग येतो.

प्रश्न: मॉस्किटो प्लांट म्हणून जिरेनियम घेतलं तर डास जातील का?

नुसती कुंडी ठेवून नाही जात. पान चुरगाळलं तर लिंबासारखा वास येतो, पण झाड उभ्या उभ्या काही सोडत नाही. डेंग्यूच्या दिवसात कुंडीखालची ताटली रिकामी करणं याचा उपयोग जास्त.

प्रश्न: जंगली जिरेनियमचं बी ऑनलाइन मिळतं, ठाण्यात लावता येईल का?

उगवेल कदाचित, जगणार नाही. बी ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये दीड-दोन महिने ठेवलं, त्याला हिवाळा झाला असं वाटायला लावलं, तर कोंब येतो. मी केलंय. सात कोंब आले, फेब्रुवारीपर्यंत तीन पानांचे झाले, एप्रिलच्या उकाड्यात माना टाकल्या आणि जूनचा पहिला पाऊस बघायला एकही राहिलं नाही. पुन्हा केलं नाही. पुणे-महाबळेश्वरवाल्यांना कुणास ठाऊक थोडं जमेल, आपल्याला नाही. हौस असेल तर पेलार्गोनियम लावा, ते आपल्याकडे जगवता येतं, फक्त पावसाळा पार करायचा.

प्रश्न: पेलार्गोनियम पावसाळ्यात दरवर्षी मरतं. काय चुकतं?

पाणी. बाकी काही नाही, पाणीच. हे झाड कोरड्या हवेचं, पानं-देठ मांसल, दोन-चार दिवस पाणी विसरलात तर काही म्हणणार नाही पण मुळाशी ओल राहिली की देठ जमिनीलगत काळा पडून मऊ होतो आणि वरचं झाड हिरवं दिसत असतानाच खालून गेलेलं असतं. माझी पहिल्या वर्षीची सहाच्या सहा अशीच गेली, आणि मी त्यांना जुलैमध्ये पाणी कमी पडतंय म्हणून अजून पाणी घालत होते कारण पानं मलूल दिसत होती. मूळ सडलं की पान तहानल्यासारखंच दिसतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आता सगळ्यांना सांगते.

माती हलकी पाहिजे. नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर आपल्या पावसात तिची वीट होते. मी एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा, एक भाग कोकोपीट आणि जुनं शेणखत मिळून, वर मूठभर कोळशाचे तुकडे आणि थोडी निंबोळी पेंड अशी घेते. प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी बरी, ती स्वतः श्वास घेते. खाली भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा.

मे संपायच्या आधी कुंड्या ग्रिलच्या बाहेरून आत आणायच्या, जिथे उजेड भरपूर पण पावसाचा थेंब नाही. जून ते सप्टेंबर बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही कपभर, पानांवर नाही. आमच्याकडे कधीकधी दहा-दहा दिवस पाणी घालावं लागत नाही. पिवळी पानं रोज काढायची, ती चिकटून राहिली की बुरशी. पानांच्या खालच्या बाजूला भाजल्यासारखे खरखरीत फोड दिसले तर तो रोग नाही, हवा दमट आणि मुळाशी पाणी जास्त याचं ते लक्षण, वेलीसारख्या लोंबत्या जातीला जास्त होतं. खत या चार महिन्यांत अजिबात नाही.

नवरात्र झालं, पाऊस गेला, की निम्म्यापर्यंत छाटा, वरची माती बदला, सकाळचं चार-पाच तास ऊन द्या. दिवाळीनंतर कळ्या दिसतात आणि नोव्हेंबर ते मार्च आपल्या हवेत ते खरं फुलतं, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा पातळ खत. सुकलेला झुबका देठासकट मोडून टाकायचा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचं ऊन चुकवा. नवी मुंबईतल्या उंच टॉवरमध्ये वारा फार असतो, तिथे मुळं लवकर कोरडी पडतात पण देठही मोडतात, आडोसा लागतो. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून मग कडुनिंबाचं तेल.

प्रश्न: कटिंग लागत नाही, कुजतं.

गुलाबाच्या सवयीने आपण पिशवी घालून झाकतो, तेच चुकतं. तीन-चार इंचाचं, फूल नसलेलं टोक पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा, आणि लगेच खोचू नका, सावलीत अर्धा-एक दिवस पडू द्या म्हणजे कापलेली जागा सुकते. मग वाळू आणि कोकोपीटमध्ये, उघड्यावर, जेमतेम ओल. तीन आठवड्यांत मुळं धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. आणि मे महिन्यातही दोन-तीन करून घराच्या आत ठेवा, आईचं झाड पावसात गेलं तरी वंश राहतो.

प्रश्न: पानं खाता येतात का? मांजर चघळते, चालेल का?

गुलाबाच्या वासाच्या जातीची दोन-तीन धुतलेली, पुसून कोरडी केलेली पानं साखरेच्या डब्यात आठवडाभर ठेवली की साखरेला सुंदर वास लागतो, ती साखर मी खिरीला घेते. तेवढ्यापुरतंच, आणि नर्सरीतून आणलेल्या झाडाचं पान लगेच नाही, त्यावर औषध मारलेलं असतं. झुबकेवालं साधं जिरेनियम खाऊ नका. मांजर-कुत्र्याला पेलार्गोनियम बाधतं, उलटी, सुस्ती येते, कुंडी वर टांगा.

प्रश्न: शहापूर-मुरबाडकडे आमची जमीन आहे, जिरेनियमची शेती करावी का?

घाटमाथ्यापलीकडे नगर, नाशिक, सोलापूरकडे शेतकऱ्यांनी सुवासिक जिरेनियम लावलंय, लागवडीनंतर साधारण चार महिन्यांनी पहिली कापणी, मग दर तीन महिन्यांनी, एक पीक तीनेक वर्षं. पण टनभर पाल्यातून तेल जेमतेम किलोभर निघतं, आणि ते काढायला जवळ डिस्टिलेशन युनिट लागतं, पाला पडून राहिला की वास उडतो. आपल्या ठाणे जिल्ह्यातला पाऊस त्याच्या मुळावर उठणारा आहे. जमीन उताराची, निचऱ्याची असली तरी मी पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाणार नाही, आणि तेल कोण घेणार ते रोप विकणाऱ्याच्या तोंडून नाही तर आधी लावलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून विचारून घेईन.

प्रश्न: मग खरं जंगली जिरेनियम बघायचं कुठे?

फुलांच्या घाटीत, उत्तराखंड. १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण फुलं बघायची तर जुलैचा मध्य ते ऑगस्ट. गोविंदघाटवरून घांगरियाला मुक्काम, तिथून सकाळी आत, संध्याकाळच्या आत बाहेर, आत राहू देत नाहीत. मी ऑगस्टमध्ये गेले होते, गुडघे कुरकुरत होते, धुकं होतं. पुढे चालणाऱ्या एका काकांनी काठीने दाखवलं, वाटेच्या कडेला ओल्या दगडांमधून वॉलिचियानम पसरलेलं, जांभळट गुलाबी, पाकळ्यांवर गडद शिरा, मधमाशीला मधाकडे नेणाऱ्या. जर्मनीत स्प्रेंगेल नावाच्या मास्तरांनी १७८७ मध्ये अशाच एका रानजिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस बघितले आणि विचारात पडले की हे कशाला, मधात पाऊस जाऊ नये म्हणून तर नाही, आणि त्या एका प्रश्नावरून फुलं आणि कीटक यांच्या नात्याचा अभ्यास उभा राहिला. मी वाकून बघितलं. केस होते, त्यावर पावसाचे थेंब अडकलेले होते, आणि आत एक माशी कोरडी बसली होती. तिथलं काही उपटून आणायचं नाही, मनाई आहे, आणि आणलंत तरी ठाण्याच्या एप्रिलमध्ये ते काय करेल ते वर सांगितलंच आहे.